सही करण्यापूर्वीचे प्रश्न

१९७०च्या दशकापर्यंत अमेरिकेत स्तनात गाठ आढळली की बाईला सहसा एकदाच भूल दिली जायची. गाठीचा तुकडा काढून, गोठवून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा. कर्करोग निघाला, तर ती भुलेत असतानाच पूर्ण स्तन काढायचा. अनेकदा त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसीकाग्रंथीसुद्धा. संमतीपत्रावर तिची सही आधीच घेतलेली असायची. शुद्धीवर आल्यावर छातीला बांधलेलं बँडेज चाचपून तिला कळायचं, आपल्याला काय झालं होतं आणि आपलं काय गेलं.

कागद अगदी व्यवस्थित होता हो. पण आजाराचं नावही कळण्याआधी दिलेल्या त्या होकाराला संमती म्हणायला, स्वतः डॉक्टर असूनही, माझं मन तयार होत नाही.

१९७४ मध्ये रोझ कुश्नर नावाच्या एका पत्रकार बाईला अशीच गाठ लागली. तिचं म्हणणं एवढंच होतं: आधी फक्त तपासणी करा, मला शुद्धीवर येऊ द्या, मग पुढचं मी ठरवीन. ही साधी मागणी मान्य करणारा सर्जन मिळवताना तिची दमछाक झाली. तिने वैद्यकीय नियतकालिकं वाचून काढली, लिहिलं, परिषदांमध्ये उभं राहून प्रश्न विचारले. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या शस्त्रक्रियेवर तज्ज्ञांची बैठक बोलावली, तेव्हा त्या समितीत तीही होती. तपासणी आणि ऑपरेशन हे सहसा दोन वेगळे टप्पे असावेत, अशी शिफारस तिथून आली.

याच गोष्टीची दुसरी बाजू मला तितकीच मोलाची वाटते. अमेरिकी सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेली ती मोठी शस्त्रक्रिया खरंच लागते का, हे नुसत्या वादातून ठरणार नव्हतं. सर्जन बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीत १,८०० हून अधिक स्त्रियांनी भाग घेतला. आपला पूर्ण स्तन काढायचा की फक्त गाठ, हे त्यांनी चिठ्ठी टाकल्यासारखं दैवावर सोडलं. १९८५ मध्ये निष्कर्ष आला: लहान गाठींमध्ये स्तन वाचवूनही जगण्याची शक्यता कमी होत नाही. आज एखाद्या बाईला पर्याय दिला जातो, त्यामागे या स्त्रियांचं धैर्य आहे. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, पण त्यांचं ऋण आहे.

डॉक्टरांपेक्षा पेशंटला जास्त कळतं, असं मी अजिबात म्हणत नाही. रोग डॉक्टरलाच जास्त कळतो. पण कशासाठी जगायचं आणि त्यासाठी काय सोडायची तयारी आहे, हे कुठल्याही रिपोर्टमध्ये लिहिलेलं नसतं. १९८१ मध्ये काही निरोगी माणसांना विचारलं गेलं: स्वरयंत्राचा कर्करोग झाला तर काय निवडाल? ऑपरेशन केलं तर आयुष्य वाढण्याची शक्यता जास्त, पण आवाज जाणार. किरणोपचारांत आवाज राहील, पण जगण्याची शक्यता कमी. पाचातल्या साधारण एकाने आवाज निवडला. त्यांना वेड्यात कसं काढणार? आणि विचारल्याशिवाय हे कळणार तरी कसं?

विचारायचं म्हणजे आधी ऐकून घ्यायला हवं. १९८४ मधल्या एका अभ्यासात पेशंट बोलू लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. वेळ नसतो, बाहेर रांग असते, हे मी जाणतो. पण पेशंटचं खरं भय पहिल्या वाक्यात क्वचितच येतं. ते शेवटी, उठता उठता बाहेर पडतं.

पेशंटकडूनही माझी अपेक्षा आहे. दुसरीकडून घेतलेली औषधं लपवू नका. गोळ्या मधेच सोडल्या असतील तर तसं सांगा. कळलं नाही, तर मान डोलावू नका. डॉक्टरांनी सांगितलेलं आपल्या शब्दांत त्यांना परत सांगून पाहा. कुठे अडलंय ते तिथेच दोघांच्या लक्षात येतं.

नातेवाइकांचा प्रश्न सगळ्यांत नाजूक. "त्यांना सांगू नका, खचतील," असं ते दाराआड येऊन म्हणतात, आणि ते प्रेमापोटीच म्हणतात. १९६१ मध्ये अमेरिकेत विचारलेल्या डॉक्टरांपैकी सुमारे ९० टक्के कर्करोगाचं निदान न सांगण्याकडे झुकलेले होते. १९७९ पर्यंत चित्र पूर्ण उलटलं. तरी प्रत्येकाला सगळं ऐकवलंच पाहिजे, असा हट्टही मी धरणार नाही. "डॉक्टर, मला आकडे नकोत, तुम्हीच ठरवा," असं म्हणण्याचा हक्क पेशंटला आहे. फक्त ते त्याच्या तोंडून आलं पाहिजे, मुलाच्या किंवा नवऱ्याच्या नव्हे. म्हणून रिपोर्ट हातात येण्याआधीच, तपासणीला पाठवतानाच मी विचारतो: जे निघेल ते तुम्हाला किती सांगू, आणि तेव्हा सोबत कोण असावं असं वाटतं? उत्तर केसपेपरवर लिहून ठेवतो आणि पुढच्या भेटीत पुन्हा विचारतो, कारण माणसाचं मन बदलतं.