गावातल्या पोरांमधली हाणामारी थांबवायची, तर मेंटर कोणाला करायचं?

नमस्कार.

समजा, गावात दोन पोरांची मारामारी झाली. एकाच्या डोक्याला टाके पडले. आता त्याचे मित्र बदला घ्यायचं ठरवतायत. हे सगळ्यात आधी कोणाच्या कानावर जातं? पोलिसांच्या नाही. शिक्षकांना आणि आईवडिलांना तर बहुतेक वेळा सगळं होऊन गेल्यावरच कळतं. आधी कळतं ते दुसऱ्या पोरांना.

म्हणूनच पीअर मेंटरिंगचा विचार करायचा. थोड्या मोठ्या, त्याच जगात वावरणाऱ्या मुलाला तयार करायचं (हाच मेंटर), लहान मुलाशी त्याची जोडी लावायची. राग आला की काय करायचं, चिथावणीतून अंग कसं काढून घ्यायचं, हे त्यानं त्याच्यासोबत राहून दाखवायचं.

[स्क्रीनवर: १५ ते २९ वयोगट, वर्षाला सुमारे १,९३,००० खून]

हा जागतिक आरोग्य संघटनेचा जगभराचा अंदाज आहे. आणि यात फक्त मृत्यू आहेत, जखमी होणारे कितीतरी जास्त.

खेड्यात अडचण वेगळी असते. समुपदेशक जवळपास नसतो. शाळा बहुधा एकच. ज्याला काल मारलं, तोच आज त्याच बसमध्ये शेजारी उभा असतो. शिवाय दोन घरांचं जुनं वैर असेल, तर ज्या पोरानं स्वतः काहीच केलं नाही त्याच्याही वाट्याला ते येतं.

मग मेंटर कोण? आपण मोठी माणसं लगेच वर्गातला शहाणा, सगळं ऐकणारा मुलगा निवडतो. मला हे पटत नाही, आणि का ते सांगतो.

अमेरिकेत न्यू जर्सीच्या ५६ माध्यमिक शाळांमध्ये एक मोठा प्रयोग झाला. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ पॅलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधी प्रत्येक मुलाला विचारलं, तू कुणाकुणाबरोबर वेळ घालवतोस? त्यावरून कोणाकडे सगळ्यांचं लक्ष असतं ते समजलं. मग निम्म्या शाळांमध्ये २० ते ३२ मुलांचे गट केले. काय बदलायचं हे त्या मुलांनीच ठरवलं. घोषणा, पोस्टर त्यांचेच. कुणी भांडण सोडवताना दिसला की ही मुलं त्याच्या हातात नारिंगी बँड द्यायची. वर्षभरात तिथल्या भांडणांच्या शिस्तभंगाच्या नोंदी बाकीच्या शाळांपेक्षा ३० टक्क्यांनी कमी राहिल्या. आणि ज्या गटांत सगळ्यांच्या नजरेत असलेली मुलं जास्त होती, तिथे परिणाम जास्त दिसला.

न्यू जर्सी म्हणजे खेडं नव्हे, हे मान्य. पण ‘पोरं कोणाकडे बघतात’ हा प्रश्न गावातही तितकाच खरा आहे. तो मुलगा अभ्यासात मागे असेल, कधीकाळी स्वतः भांडलेलाही असेल. तरी त्याचा विचार करा.

आता जरा थांबा, कारण इथेच मोठा धोका आहे. ‘गावातली वाया गेलेली दहा पोरं एकत्र बसवू आणि सुधारू’ ही कल्पना मनातून काढून टाका. अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली केंब्रिज आणि सॉमरव्हिल इथल्या मुलांसाठी एक उपक्रम सुरू झाला होता. घरी भेटी, शिकवणी, उन्हाळी शिबिरं, मदतीत काही कमी नव्हतं. १९७८ मध्ये संशोधक जोन मॅककॉर्ड यांनी त्याच मुलांचा पुढचा हिशोब मांडला, तर मदत मिळालेल्यांची स्थिती न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाली. नंतरच्या विश्लेषणात दिसलं की जी मुलं त्या शिबिरांना एकापेक्षा जास्त वेळा गेली, त्यांच्यात नुकसान अधिक होतं. का? एक पटणारं स्पष्टीकरण असं, की अशी मुलं एकत्र आली की एकमेकांच्या बढायांवर हसतात, आणि त्या हसण्यातूनच शाबासकी मिळते.

म्हणून गट करायचाच तर सगळ्या तऱ्हेच्या मुलांचा मिळून करा. खेड्यात तर हे फारच महत्त्वाचं, कारण ‘बिघडलेल्या पोरांचा क्लास’ असं नाव एकदा पडलं की ते वर्षानुवर्षं पुसत नाही.

गुपिताचंही तसंच. सगळे सगळ्यांना ओळखतात. मेंटरचा चुलतभाऊ त्याच भांडणात दुसऱ्या बाजूला असू शकतो, तेव्हा जोडी लावताना घरांचे संबंध तपासा. मेंटरनं ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. पण हत्याराची गोष्ट निघाली, कुणी जीव द्यायची किंवा घ्यायची भाषा केली, तर ते ठरलेल्या मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगायचं. हा नियम धाकट्याला पहिल्याच भेटीत माहीत हवा. आणि तो मोठा माणूस खरोखर फोन उचलणारा हवा! सोळा वर्षांच्या मुलावर असलं ओझं एकट्यानं टाकणं हा अन्याय आहे.

राहिला प्रश्न किती काळाचा. मुलांची मोठ्या माणसांशी जोडी लावून देणाऱ्या ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या अमेरिकन संस्थेच्या जोड्यांवरच्या संशोधनात, वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला. पहिल्या तीन महिन्यांतच तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांची स्वतःच्या नजरेतली किंमत उलट घसरली. तिथले मेंटर प्रौढ होते, पण सोडून जाणारा सोळाचा असो की चाळिशीचा, मुलाला ते लागतंच.

तेव्हा तुमच्याकडे तीनच महिन्यांचा निधी असेल, तर जोड्या लावू नका. तेवढ्या वेळात मोठ्या मुलांचं प्रशिक्षण करा, फोन उचलणारी दोन माणसं शोधा, जाण्यायेण्याची सोय बघा. वर्षभराचं नक्की झालं की मगच पहिली जोडी.