वावरात जाणारी खुर्ची

नमस्कार मंडळी, रामराम.

मी बोरी नदीकाठचा शेतकरी. आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. जमीन काळी, पीक कापसाचं, थोडी ज्वारी-बाजरी. चौदा वर्षांपूर्वी शेळीसाठी लिंबाचा पाला तोडताना झाडावरून पडलो. मणक्याला मार बसला आणि कमरेखालची ताकद गेली. तेव्हापासून व्हीलचेअरवर आहे. आज मला त्या खुर्चीबद्दलच बोलायचं आहे. फरशीवर कुठलीही खुर्ची चालते. गाडवाटेवर, वावरात, बांधावर कुठली चालते, हा आपला प्रश्न.

पहिली खुर्ची मला एका शिबिरात मिळाली. नाव पुकारलं, खुर्ची दिली, फोटो काढला, दुसऱ्याचं नाव पुकारलं. माप कोणी घेतलं नाही. घर कसं आहे, रस्ता कसा आहे, हेही कोणी विचारलं नाही. दवाखान्यात असते तशीच ती घडीची, लोखंडी खुर्ची. अठरा-वीस किलो वजन, मागे चोवीस इंची चाकं आणि पुढे दोन छोटी चाकं. घरात ती छान फिरायची. मला वाटलं, झालं, आता वावर गाठू.

फाल्गुनात पऱ्हाट्या उपटायचं काम सुरू होतं. पुतण्या ढकलत होता, मी बसलेलो. काळ्या जमिनीला त्या दिवसांत कशा भेगा पडतात, तुम्हाला सांगायला नको. पुढचं डावं चाक एका भेगेत गेलं. खुर्ची जागच्या जागी थांबली, मी मात्र थांबलो नाही. तोंडावर पडलो. हनुवटी फुटली, दोन्ही तळहात सोलले. पुतण्यानं मला उचललं आणि त्या भेगेत हात घालून बघितला, तर मनगटापर्यंत आत गेला. चाकाची रुंदी होती इंचभर, भेग दोन बोटांहून मोठी. चाक आत जाणार नाही तर काय होणार? घरी आलो तेव्हा आईनं जखमेला हळद लावता लावता एवढंच म्हटलं, "भाऊ, हाई खुर्ची घरनी शे, वावरनी नही."

आईचं ते एक वाक्य समजून घ्यायला मला पुढे दोन वर्षं लागली.

खुर्ची बघायला गेलो की सगळे जण मागचं मोठं चाक बघतात. गादी बघतात, रंग बघतात. माझं सांगणं आहे, आधी खाली वाका आणि पुढचं छोटं चाक बघा. वाट तेच अडवतं. चाक जितकं लहान, तितका त्याला खडा मोठा. मागचं चोवीस इंची चाक ज्या दगडावरून सहज जातं, त्याच दगडाला सहा इंची चाक धडकतं. आणि चाक अरुंद असलं की मऊ मातीत ते सुरीसारखं रुततं. म्हणून पुढचं चाक आठ इंचांच्या आसपास आणि दोन इंच तरी रुंद हवं, मऊ रबराचं. चाक आणि त्याला धरणारा चिमटा यांच्यामध्ये बोटभर तरी जागा मोकळी हवी. नाही तर आपली काळी माती त्यात अशी भरते की चाक फिरायचं थांबतं, आणि खुर्ची मग ओढायचीच गोष्ट होते.

रुंद चाकाची ही गोष्ट एका माणसामुळे मला कळली. अमेरिकेतले राल्फ हॉचकिस नावाचे इंजिनीअर. १९६६ साली मोटरसायकलच्या अपघातात त्यांच्याही पायांतली ताकद गेली. स्वतः व्हीलचेअरवर बसून १९८० च्या सुमारास ते निकाराग्वा देशात गेले आणि तिथल्या व्हीलचेअरवरच्या लोकांबरोबर बसून, गावातल्या लोहारकामाच्या दुकानात बनेल अशी खुर्ची घडवायला लागले. पुढे अनेक गरीब देशांत हे काम पसरलं. त्यांच्या खुर्चीला पुढे जे जाडजूड रबरी चाक असतं, त्याला झिम्बाब्वे चाक म्हणतात, कारण ते त्या देशात तयार झालं. आफ्रिकेतली माती, आपल्यासारखीच पायवाट, आणि त्यावर उत्तर शोधलं ते तिथंच राहणाऱ्यांनी. मला या गोष्टीनं फार धीर दिला.

आता भार. इथं बैलगाडीचं गणित कामाला येतं. गाडीत माल पुढे भरला तर जू बैलांच्या मानेवर दाबतं, मागे भरला तर गाडी उलाळते. व्हीलचेअरचंही तसंच. दवाखान्याच्या खुर्चीत मागच्या चाकाचा आस पाठीच्या सरळ खाली असतो, त्यामुळे बराच भार पुढच्या छोट्या चाकांवर येतो आणि ती रुततात. आस इंच-दोन इंच पुढे घेता येईल अशी खुर्ची असेल तर पुढचा भार हलका होतो, खड्ड्याच्या तोंडाशी पुढची चाकं उचलता येतात. पण आस जास्त पुढे घेतला तर चढावर खुर्ची मागे उलाळते. म्हणून सुरुवातीला मागे दोन टेकूची चाकं लावून घ्यावीत. सवय झाली की ती वर फिरवून ठेवता येतात, नाही तर बांध ओलांडताना तीच अडकतात. पुढची चाकं पायाच्या आणखी पुढे असलेली लांब बैठकीची खुर्ची खडबडीत जमिनीवर चांगली. ती तोंडावर पडत नाही. घरात मात्र ती वळवताना कोपरे आणि मडकी सांभाळावी लागतात. आमच्या स्वयंपाकघरात मी ती नेतच नाही.

मागच्या चाकाचा टायर हवेचा घ्यावा की भरीव, यावर माझे आणि आमच्या गावातल्या सायकलवाल्याचे अजून वाद होतात. आपल्याकडे बाभळीचे काटे आणि सराटे. सराटा टायरमध्ये गेला की हवा गेलीच. म्हणून तो म्हणतो, भरीव टायर घ्या. मी म्हणतो, हवेचा. भरीव टायरनं प्रत्येक खडा सरळ कण्याला जाऊन लागतो आणि खुर्ची जड होते. हवेचा टायर धक्का गिळतो, आणि चोवीस इंची सायकलची ट्यूब कुठल्याही आठवडे बाजारात मिळते. पंक्चर काढायला गावात माणूस असतो. टायर मात्र जरा जाड आणि खाचांचा घ्यावा. पुढचं चाक भरीव पण मऊ असलं तर चालतं. एक गोष्ट लक्षात ठेवा. खुर्चीचा ब्रेक म्हणजे टायरवर दाबणारी लोखंडी पट्टी. टायरमधली हवा कमी झाली की ब्रेक लागत नाही. उतारावर हे कळलं तर उशीर झालेला असतो. म्हणून रोज सकाळी अंगठ्यानं टायर दाबून बघायचा.

घडीची खुर्ची की घडी न होणारी, हाही प्रश्न लोक विचारतात. घडी न होणाऱ्या सांगाड्यात हाताचा जोर वाया जात नाही, पण उंचसखल जागी एक चाक हवेत राहतं. घडीच्या खुर्चीचा सांगाडा थोडा लवतो, म्हणून चारही चाकं जमीन धरून राहतात, आणि काळी-पिवळीच्या टपावर टाकता येते. तिची घडी ढिली होते, बोल्ट सैल होतात. मी घडीची वापरतो आणि महिन्याला पाना फिरवतो.

बाजारात हल्ली दांड्यानं चालणाऱ्या खुर्च्याही दिसतात. अशीच एक अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या अभियंत्यांनी तयार केली आणि आपल्या देशातही चालवून बघितली. तिला पुढे एकच चाक, बाजूला दोन दांडे आणि सायकलचे सुटे भाग. हापशासारखं दांडे पुढे-मागे करायचे. दांडा वर टोकाला धरला की जोर कमी लागतो आणि चढ चढता येतो, खाली धरला की वेग मिळतो. सपाट रस्त्यावर खाली धरा, वावराच्या तोंडाशी वर धरा. कल्पना मला फार आवडते. आणि आपल्याकडे जी हाताची तीनचाकी सायकल वाटली जाते, ती रस्त्यासाठी चांगली, तिनं मी बाजारालाही गेलो आहे. पण ती घराच्या उंबऱ्यावरून आत येत नाही, म्हणून ती व्हीलचेअरच्या ऐवजी नको. असली तर जोडीला असावी.

आता मापाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं चूक झाली की जखम होते. खुर्चीची रुंदी म्हणजे बसल्यावर कुल्ले आणि बाजूची पट्टी यांच्यामध्ये तळहात उभा घालता येईल इतकीच. लोक म्हणतात, थोडी मोठी घ्या, आरामशीर. असं करू नका. रुंद खुर्चीत हात चाकापर्यंत लांबवावे लागतात आणि काही वर्षांत खांदे जातात. आपल्यासारख्यांचे खांदे म्हणजे आपले पाय. सीटची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यामध्ये दोन-तीन बोटं जागा ठेवा. हात चाकाच्या वरच्या टोकावर ठेवला तर कोपर काटकोनापेक्षा जरा उघडं हवं. पायदान जमिनीपासून दोन इंच तरी वर. वावरासाठी मी जास्त ठेवतो, कारण एकदा दगडात अडकलं होतं. पण पायदान फार वर घेतलं की गुडघे उचलतात आणि सगळा भार बुडाच्या हाडांवर येतो.

तिथूनच जखमा सुरू होतात. मला कळत नाही, दुखत नाही, म्हणून त्या वाढत जातात. पहिल्या वर्षी सोफ्याचा फोम कापून गादी केली होती. दोन महिन्यांत तो भाकरीसारखा चपटा झाला. एका रात्री अंग पुसताना बायकोला लाल चट्टा दिसला, रुपयाएवढा. बरा व्हायला दीड महिना लागला, त्यातले कितीतरी दिवस मी पालथा पडून काढले. आता चांगली गादी आहे, वर सुती अभ्रा आहे. आपल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, रेक्झिनवर घाम साचतो आणि कातडी कुजते. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलायचं. रात्री आरशात बघायचं. त्याच उन्हात हातानं फिरवायची लोखंडी कडी इतकी तापते की तळहात भाजतात. चामड्याचे हातमोजे घ्या, नाही तर जुन्या ट्यूबची पट्टी कडीवर गुंडाळा. पावसात तीच पट्टी पकडही देते.

खुर्ची घ्यायच्या आधी एक दिवस आपल्या वाटेवरून फिरून घ्या, स्वतः किंवा मुलाला पाठवून. काठी आणि टेप न्या. फाटकाची रुंदी, उंबऱ्याची उंची, भेगा किती रुंद पडतात, चाकोरी किती खोल आहे, हे वहीत लिहा. वहीचं ते पान घेऊन दुकानात जा. दुकानातल्या टाईल्सवर चाचणी घेऊ नका, रस्त्याच्या कडेला जिथं मुरूम आणि खडी आहे तिथं बसून चालवा. दुकानदार नाराज झाला तरी चालेल.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली कमी साधनं असलेल्या भागांसाठी व्हीलचेअर देण्याची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यात माणसाची तपासणी, खुर्ची ठरवणं, अंगाला बसवून बघणं, वापरायला शिकवणं, नंतर देखभाल, अशा आठ पायऱ्या आहेत. २०२३ च्या नव्या सूचनांतही निवड, माप, शिकवण आणि नंतरची विचारपूस हे चार टप्पे आहेतच. शिबिरात हे सगळं मागायचा आपल्याला हक्क आहे. तिथं शांतपणे सांगा, "साहेब, आधी माप घ्या. मी वावरात जातो." दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना १९८१ पासून आहे, कानपूरची सरकारी कंपनी अलिम्को १९७६ पासून साधनं बनवते, त्यासाठी युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून ठेवा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखलेला असतो. ग्रामसभेत त्याचा हिशेब विचारा. आमच्या गावात त्यातून शाळेला आणि पंचायतीला खुर्ची चढवायचा उतार झाला. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, असं माप मी स्वतः गवंड्याजवळ बसून करून घेतलं, कारण आधी त्यानं सहा फुटांत उरकायचं ठरवलं होतं.

चालवण्याबद्दल थोडंसं. बांध किंवा चाकोरी आडवी आली की खुर्ची उलटी फिरवा आणि मागची मोठी चाकं आधी न्या. मदतनीस असेल तर तो मागून ओढेल. उतारावर मदतनिसाबरोबर उलटंच उतरा. पुढची चाकं उचलायला शिकायचं असेल तर पहिले पंधरा दिवस मागे कोणीतरी उभं हवं, आणि खाली गवताची पेंढी. पिशवीत एक ट्यूब, चिकटपट्टी, पंप आणि तेरा नंबरचा पाना ठेवा.

ओल्या काळ्या मातीतून कुठलीच हाताची खुर्ची जात नाही, हे मी खात्रीनं सांगतो. मृगात पहिला पाऊस झाला की मी ओट्यावर बसतो आणि मातीकडे बघतो. शेतकऱ्याला वाफसा ओळखायला शिकवावं लागत नाही. मूठभर माती घेतो, दाबतो, सोडतो. हाताला चिकटली तर आज नाही. फुटून पडली तर बायको तिफण काढते, बैल जुंपले जातात, आणि त्यांच्या मागून, त्याच वाटेनं माझीही खुर्ची वावरात जाते.