नानांची हातोडी

नमस्कार मंडळी,

बोलायच्या आधी ही हातोडी जरा बघून घ्या, मागे बसलेल्यांना दिसत नसेल तर नंतर या जवळ, हातात घेऊन बघा. पितळेची, वीतभर लांब, तबला सुरात लावायची. माझ्या आजोबांची आहे. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो.

नाना ग्वाल्हेरचे, म्हणजे तिथल्या लश्कर भागातले, महाराज बाड्याच्या चौकापासून पायी पाच मिनिटांवर आमचं घर. नोकरी छोट्या लाइनवर. इथे बऱ्याच जणांना माहीत नसेल, शिंदे सरकारांनी तिकडे दोन फुटी गेजची रेल्वे टाकली होती, पार श्योपूरपर्यंत, जवळजवळ २०० किलोमीटर, ती १९५१ साली मध्य रेल्वेत गेली आणि अगदी २०२० पर्यंत चालली. नाना तिथे हिशेबाला होते, आणि वर्कशॉपमधल्या त्यांच्या एका लेथवाल्या दोस्ताने पितळेच्या भंगार तुकड्यातून ही घडवून दिली. त्यामुळे हिच्यावर कुठल्या दुकानाचा छाप नाही, दांड्यावर लेथची बारीक वर्तुळं तेवढी आहेत, डोळ्यांना दिसत नाहीत पण नख फिरवलं की कळतात.

नाना काही मैफिलीतले तबलजी नव्हते. पण गाव ग्वाल्हेर घराण्याच्या हद्दू-हस्सू खाँसाहेबांचं, १९१८ पासून माधव संगीत विद्यालय तिथे, संध्याकाळी गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या घरी तंबोरा लागलेला असायचाच. ज्यांचा तबला लागत नसे त्यांची पोरं नानांना बोलवायला यायची, आणि नाना चहा अर्धा टाकून उठायचे.

मला त्यांनी आधी लावायला शिकवलं, वाजवायला नंतर. मे महिन्यात आमच्याकडे लू चालते, पारा ४५ च्या वर जातो, चामडं ताणलं जातं आणि तबला चढतो, म्हणजे सूर उंच होतो, पावसाळ्यात तेच चामडं ओल धरतं आणि तो उतरतो. चढवायचा तर गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या चामड्याच्या वेणीवर, वरून ठोका, उतरवायचा तर खालून, आणि फरक फारच असेल तरच वाद्यांखालच्या लाकडी गट्ठ्यांना हात लावायचा. पण नानांचं खरं काम दोन ठोक्यांच्या मधे चालायचं. एक ठोका मारला की हातोडी मांडीवर ठेवायचे, चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावर, बोटाने ‘ना’ वाजवायचे, डोळे मिटून, आणि तो आवाज पूर्ण विरेपर्यंत हलायचे नाहीत. मी घाई केली की म्हणायचे, “थम जरा, अजून वाजतोय तो.”

नऊ वर्षांचा होतो तेव्हा एका दुपारी मी एकट्याने तबला लावायला घेतला, सपासप ठोके मारत सुटलो, हातोडी घसरली आणि पुडी, म्हणजे वरचं चामडं, फाटली. संध्याकाळी नाना आले, फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि एवढंच विचारलं, “मधे एकदा तरी वाजवून बघितलंस का रे?” मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी पुडी मढवायला मला बरोबर घेऊन गेले, चांगले तीन तास त्या कारागिराशेजारी बसवलं.

नाना गेले तेव्हा मला वेळेवर पोचता आलं नाही, ते अजून सलतं. नंतर गेलो तर आजीने ही त्यांच्या मफलरीत गुंडाळून माझ्या बॅगेत ठेवली, एक शब्द बोलली नाही.

त्याच वर्षी इथे टोरांटोला पहिला हिवाळा काढला. बाहेर बर्फ, घरात दिवसरात्र हीटर, आणि तबला काढून बघतो तर लश्करच्या मे महिन्यात चढतो तसा चढलेला! हवा कोरडी, एवढंच कारण. खालून ठोकत ठोकत उतरवला. फोन उचलून नानांना सांगावंसं वाटलं, त्यांना फार मजा वाटली असती, दोन-चार प्रश्न नक्की विचारले असते.

आता मुलांचं भजन आहे. तबला काळी पाचला, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या सुराला, लावायचाय, या हॉलच्या हीटरने तोही चढलाय. मी इथेच बसून लावतो, पाचेक मिनिटं लागतील, तेवढा वेळ फोन सायलेंटवर टाका आणि प्लीज कुणी बोलू नका.