टायकिळा ओळखायचा तर फुलाची वाट बघू नका

नमस्कार मंडळी! परवा एका ताईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, कुंपणाजवळ पिवळ्या फुलांचं रान माजलंय, हा आपला टायकिळोच ना, भाजी करू का? आता गंमत बघा, टायकिळा ही पावसाळी रानभाजी, आणि फूल दिसलं म्हणजे भाजीची वेळ कधीच गेलेली असते. आपण टायकिळ्याचा कोवळा पाला खुडतो तो मिरगाच्या पावसानंतर, नारळ घालून, घरात असतील तर फणसाच्या आठळ्या घालून भाजी करतो, आणि फुलं येतात ती पाऊस ओसरत आल्यावर, तोवर पान जून होऊन कडू झालेलं असतं. म्हणजे फुलावरून ओळखायला गेलात तर झाड ओळखाल पण जेवण हुकेल!

घाटावर याला टाकळा म्हणतात. हा वाल-वाटाण्याच्या कुळातला, पण फूल वाटाण्यासारखं पंखवालं नसतं, पाच सुट्या पाकळ्या असतात, म्हणून खूप जण फसतात. कुळाची खूण शेंगेत, चार-पाच इंच लांब, बारीक, विळ्यासारखी वाकलेली.

आता मुद्द्याची गोष्ट. याच्याच शेजारी, रस्त्याच्या कडेला, कासविंदा उगवतो, तोही पिवळाच, आणि त्याच्या बिया विषारी. उत्तर प्रदेशात लहान मुलांनी त्या खाल्ल्या आणि जीव गेले, गुरांनाही बाधतात. म्हणून कोवळं रोप बघून पानं मोजा. टायकिळ्याच्या एका देठाला पानांच्या तीन जोड्या, प्रत्येक पान टोकाला गोलसर आणि रुंद. कासविंद्याला चार-पाच, कधी सहा जोड्या, आणि टोक निमुळतं. अजून खात्री हवी तर देठावर बारीक गाठ शोधा, टायकिळ्यात ती खालच्या जोड्यांच्या मधे असते, कासविंद्यात देठाच्या अगदी बुडाशी. वासावर मात्र जाऊ नका, दोन्ही चुरगळले की उग्रच वास येतो, आमची आई तर वासावरून ओळखते म्हणते पण मला तिचं हे कधी पटलं नाही.

ताईंच्या फोटोत पाच जोड्या होत्या, मी मोजल्या. त्यांना लगेच फोन करून सांगितलं, हात लावू नका, शेंगा धरायच्या आत उपटून टाका, घरात पोरं आहेत.

आणि हो, मोजायला संध्याकाळी जाऊ नका, अंधारलं की टायकिळा पानं मिटून झोपतो.