फिल्टर नवा, गेज ठीक, तरी इंधनात पाणी
या दोन बरण्या बघा. दोन्हीत विमानाचं इंधन, म्हणजे चांगलं शुद्ध केलेलं रॉकेलच, आणि तळाला थोडं पाणी. दोन्ही सारख्याच हलवल्यात. डावीकडे थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतायत, खाली बसतायत, वरचं इंधन परत लख्ख. उजवीकडची मात्र अजून गढूळच आहे, कारण तिच्यात सर्फॅक्टंट आहे, अगदी किंचित.

हे साबणाच्याच जातीतलं रसायन. रेणूचं एक टोक पाण्याकडे, दुसरं तेलाकडे, त्यामुळे ते बरोबर थेंबाच्या कडेवर जाऊन बसतं, मग पाणी आणि इंधनामधला ताण कमी होतो आणि थेंब बारीकच राहतात.

आता हा कापलेला कोॲलेसर, म्हणजे इंधनातलं पाणी वेगळं करणारा फिल्टर, जवळून. काचेचे बारीक तंतू, थरावर थर. इंधन आतून बाहेर जातं, पाण्याचे कण तंतूंवर अडकतात, जुळून टपोरे होतात आणि खाली संपमध्ये, म्हणजे तळाच्या खळग्यात पडतात. उरलेसुरले थेंब टेफ्लॉन लावलेली जाळी अडवते. पण सर्फॅक्टंटचा लेप बसला ना, की थेंब नीट वाढायच्या आतच सुटतात आणि इंधनाबरोबर पुढे. गंजाचे कणही एकत्र न येता सुटे तरंगत राहतात, शिवाय पाइपच्या भिंतीवरची जुनी घाणही सुटून येते. आणि गेज बघा, प्रेशर एकदम नॉर्मल! फिल्टर चोंदलेलाच नाहीये, मग ते बिचारं काय दाखवणार.

हे सर्फॅक्टंट येतं कुठून? रिफायनरीत उरलेले नॅफ्थेनिक ॲसिडचे साबण, गंजरोधक ॲडिटिव्ह, त्याच पाइपलाइनमधून आधी गेलेल्या डिझेलचं डिटर्जंट, टाकीच्या तळाच्या पाण्यात वाढलेले जिवाणू. पुढे मग इंजेक्टर झिजतात, विमानात उंचीवरच्या थंडीत त्याच पाण्याचा बर्फ होतो.

म्हणून नुसता फिल्टर बदलून भागत नाही, नवाही तसाच निकामी होतो. आधी एमसेप टेस्ट करा, इंधनातून पाणी किती सहज वेगळं होतं ते सांगणारी. सिरिंजमध्ये इंधन आणि पाणी घुसळून छोट्या कोॲलेसरमधून ढकलतात, बाहेर आलेलं किती गढूळ आहे ते प्रकाशाने मोजतात, मार्क 0 ते 100 च्या पट्टीवर, जास्त तितकं चांगलं.

आणि ही या पिशव्यांमधली माती, ॲटापुल्जाइट. इंधन हिच्यातून गेलं की सर्फॅक्टंट मातीलाच चिकटतं, म्हणून ही कोॲलेसरच्या आधी लावतात. तीही कधीतरी भरतेच, आणि तेही गेजवर कळत नाही, मातीच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही नमुने तपासावे लागतात.