व्हाइटनर

नमस्कार, श्रोतेहो.

फोर्टातल्या एका कचेरीत मी आवक-जावक सांभाळायचे. एकदा साहेबांनी सांगितलं, अमक्या शिपायाचा अर्ज मुदतीनंतर आला असं दाखवा. मी नोंदवहीतल्या तारखेवर व्हाइटनर फिरवलं, फुंकर घालून वाळवलं आणि वर नवा आकडा लिहिला. काम दीड मिनिटाचं. त्या आठवड्यात लोकलमध्ये मी ऑर्वेलची १९४९ सालची '१९८४' ही कादंबरी वाचत होते. तिचा नायक विन्स्टन जुन्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या राजवटीच्या सोयीने बदलून देतो. पान उलटताना माझ्या नखात पांढरं काहीतरी दिसलं.

विज्ञानकथेतला बंडखोर म्हटलं की आपल्याला कुणी बाहेरून आलेला वीर आठवतो. पण नीट बघा, यातले कितीतरी चक्क चाकरमानी आहेत! विन्स्टन सरकारी खात्यात कामाला. रशियन लेखक झाम्यातिनच्या 'वुई'चा नायक इंजिनिअर, राजवटीचं अंतराळयान बांधणारा. (ही कादंबरी लेखकाच्या स्वतःच्या देशात छापून यायला १९८८ उजाडलं.) आणि ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट ४५१' कादंबरीतला माँटॅग तर बंबवाला. फक्त त्याच्या बंबातून पाण्याऐवजी रॉकेल येतं, पुस्तकं जाळायला. एका म्हातारीच्या घरात तो एक पुस्तक काखेत दडवतो, तेव्हा त्याला वाटतं, चोरी आपण केलीच नाही, हाताने परस्पर केली.

ही जागा मला फार आवडते. जुलमाला हात लागतात, आणि ते बहुधा पगारी असतात. म्हणून नाही म्हणायची जबाबदारी आधी त्या हातांवर येते. चौकात घोषणा देणाऱ्यांचा नंबर नंतर. 'रोबो' हा शब्दच बघा. कारेल चापेकच्या १९२०च्या नाटकातून तो जगभर गेला, आणि त्याचं मूळ चेक भाषेतल्या वेठबिगारीत आहे. त्या नाटकात रोबो उठाव करतात आणि शेवटी एकाच माणसाला जिवंत ठेवतात. का, तर तो त्यांच्यासारखा हाताने काम करतो म्हणून.

आपल्या मुंबईत, मी आत्ता बोलते आहे तशाच एका माइकसमोर, ऑगस्ट १९४२मध्ये बावीस वर्षांच्या उषा मेहता बसल्या होत्या. ४२.३४ मीटर तरंगलांबीवर काँग्रेस रेडिओ, चोरून चालवलेला, सतत जागा बदलणारा. नोव्हेंबरात पोलिसांनी तो पकडला, आणि तोही एका तंत्रज्ञाच्या फितुरीमुळे. म्हणजे तिथेही पुन्हा हातच.

माझं म्हणाल, तर तो शिपाई सोमवारी आला. त्याने नोंदवहीचं पान उलटून खिडकीच्या उजेडात धरलं. मागच्या बाजूने जुनी तारीख उलटी, पण स्वच्छ दिसत होती. मला वाटलं, आता आवाज चढवेल. तो म्हणाला, "बाई, या मागच्या बाजूची झेरॉक्स मिळेल का?"

मशीन चालू होतं. मी म्हटलं, बंद आहे.

नमस्कार.