खाडीचा चिखल, खाणीचा कातळ आणि मागाहून येणारे रान

श्रोतेहो, नमस्कार.

ऐरोलीच्या किंवा वाशीच्या पुलावरून ओहोटीच्या वेळी जाताना ठाणे खाडीच्या कडेला करड्या-काळ्या चिखलाचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडलेला दिसतो आणि त्याच्या मागे तिवरांची, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या खारफुटीच्या झाडांची, दाट हिरवी रांग उभी असते. पुलावरून पाहणाऱ्याला चिखल ही रिकामी जागा वाटते आणि निसर्ग म्हणून जे काही आहे ते त्या तिवरांपासून पुढे सुरू होते असे वाटते. आजच्या भाषणात मला याच समजुतीविषयी बोलायचे आहे. चिखल म्हणजे अर्धवट राहिलेले तिवरांचे रान नव्हे. एखाद्या जागी एका जीवसमूहाच्या मागाहून दुसरा आणि दुसऱ्याच्या मागाहून तिसरा वस्तीला येतो, या क्रमाला अनुक्रमण असे म्हणतात. त्यात कोण आधी येईल, कोण नंतर येईल आणि कोणाला मुळी येताच येणार नाही, हे जितके हवा-पाण्यावर ठरते तितकेच त्या जिवांच्या आपसांतील संबंधांवरही ठरते.

ठाण्याची खाडी उत्तरेकडे, कळव्याच्या बाजूला, फार चिंचोळी होत जाते आणि उल्हास नदीच्या खाडीशी ती अगदी अरुंद वाटेने जोडलेली आहे. त्यामुळे वरच्या भागात पाण्याचा जोर कमी पडतो आणि पाण्याबरोबर आलेला गाळ तिथेच बसतो. उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांत चार मीटरांहून अधिक फरक पडतो, म्हणून गाळाचा थर बोटभर जरी वाढला तरी ती जागा रोज थोडा अधिक वेळ पाण्याबाहेर राहू लागते. या ओल्या चिखलावर पहिली वस्ती होते ती डायटम नावाच्या सूक्ष्म एकपेशी शैवालांची आणि नीलहरित शैवालांची. ओहोटीला चिखलावर जो तपकिरी-हिरवट तकाकीचा थर दिसतो तो यांचाच असतो. त्यांच्या अंगातून स्रवणाऱ्या चिकट पदार्थाने गाळाचे सुटे कण एकमेकांना धरून राहतात आणि पुढच्या भरतीला ते सहजी धुपत नाहीत.

त्यानंतर तिवर येते. तिवराचे बी झाडावर असतानाच फळाच्या आत अंकुरलेले असते. फळ गळून पाण्यात पडले की तरंगत जाते, वरची पातळ साल सुटते आणि कुठेतरी काठाला लागले की ते मूळ धरू पाहते. मात्र मूळ घट्ट होईपर्यंत काही दिवस पाण्याच्या ओढीपासून त्याची सुटका व्हावी लागते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरतीचे पाणी फार वर चढत नाही तेव्हा, चिखलाच्या थोड्या उंच कडेवर पडलेल्या रोपाला ही सवड मिळते. रोप एकदा रुजले की त्याची श्वासमुळे चिखलातून वर निघतात. ती पाण्याचा वेग अडवतात, अडलेल्या पाण्यातला गाळ खाली बसतो आणि जमीन आणखी उंचावते. शोषलेल्या पाण्यातले जास्तीचे मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकते. सकाळी उन्हात पान नीट न्याहाळले तर मिठाचे बारीक कण दिसतात आणि पान जिभेला लावले तर खारट लागते. तिवराने अशी जागा बांधून दिल्यावर कांदळ, काजळा आणि मारंडी या खारफुटीच्या इतर जातींना तिथे पाय रोवणे सोपे जाते.

येथे एक खुलासा करणे आवश्यक वाटते. पाण्यापासून जमिनीकडे जाताना दिसणारे झाडांचे पट्टे हा जणू काळाचाच क्रम आहे, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते पूर्णपणे खरे नाही. कोणत्या झाडाला किती वेळ पाण्याखाली राहणे आणि किती मीठ सोसते, यावरही हे पट्टे ठरतात, आणि पाण्याची पातळी व क्षारता तशीच राहिली तर एखादा पट्टा वर्षानुवर्षे आहे तिथेच राहू शकतो.

आता उघड्या चिखलाकडे परत येऊ. ओहोटी लागली की काही वेळातच त्यावरच्या असंख्य छिद्रांमधून फिडलर खेकडे बाहेर पडतात. नराची एक नांगी अंगाच्या मानाने प्रचंड मोठी असते. मादीला बोलावण्यासाठी आणि दुसऱ्या नराला दटावण्यासाठी तो ती हलवत राहतो, पण तिने त्याला खाता येत नाही. दुसऱ्या लहान नांगीने तो चिखल उचलून तोंडाशी नेतो, त्यातले शैवाल व जिवाणू वेगळे करून खातो आणि उरलेल्या चिखलाच्या बारीक गोळ्या बाजूला टाकतो. तासाभरात त्याच्या बिळाभोवती अशा गोळ्यांचा सडा पडतो. हे काम क्षुल्लक नाही. काही बोटे खाली गेले की हा चिखल काळा आणि कुजक्या वासाचा असतो, कारण तिथे प्राणवायू पोहोचत नाही. खेकड्यांच्या बिळांतून हवा आणि ताजे पाणी आत उतरते, तिथले जिवाणू बदलतात आणि तिवराच्या मुळांना त्याचा लाभ होतो. तिवराची गळालेली पाने खेकडे कुरतडतात, जिवाणू व बुरश्या ती कुजवतात आणि त्या कुजलेल्या कणांवर कोळंबीची व बोयी माशांची पिल्ले वाढतात. त्यांच्या मागावर जिताडा हा मोठा मासा येतो. ऐरोली, दिवाळे आणि वाशीगाव येथील कोळी-आगरी कुटुंबांनी पिढ्यान्पिढ्या ज्या खाडीवर पोट भरले, तिची कमाई या चिखलात आणि पालापाचोळ्यात सुरू होते.

याच चिखलावर रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगो येतात. त्यांतील लहान रोहित चोच उलटी करून पाण्यातून व पातळ चिखलातून सूक्ष्म शैवाल गाळून घेतो आणि त्याचा गुलाबी रंगही त्या शैवालातील रंगद्रव्यांतूनच येतो. मोठा रोहित शैवालाबरोबर बारीक किडे आणि कवचधारी जीवही खातो, त्यामुळे दोघे शेजारी चरत असले तरी त्यांचे अन्न पुरते एक नसते. दोघांनाही उघडा, उथळ आणि सूर्यप्रकाश मिळणारा चिखल लागतो. तिवर पुढे सरकले की चिखलावर सावली पडते, श्वासमुळांची दाटी होते आणि तिथे या पक्ष्यांना चरता येत नाही. गेल्या काही दशकांत खाडीत गाळ वाढला, तिवरांचा पट्टा पाण्याच्या दिशेने वाढला आणि त्या मानाने उघडा चिखल आक्रसत गेला. तिवरांची वाढ ही एरवी आनंदाची गोष्ट असते, पण या ठिकाणी ती दुसऱ्या कोणाच्या तरी अन्नाच्या जागेवर होते हे आपण समजून घेतले पाहिजे.

या विषयाचा अभ्यास ज्या वादांतून पुढे गेला त्यांचाही थोडक्यात उल्लेख करतो. अमेरिकेतील हेन्री काउल्स यांनी १८९९ साली मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर हा क्रम तपासला. पुढे १९१६ साली फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी असे मांडले की प्रत्येक प्रदेशातील वनस्पतिसमूह ठरावीक पायऱ्या चढत एका ठरावीक परिपक्व अवस्थेला पोहोचतो. हेन्री ग्लीसन यांना ते मान्य नव्हते. प्रत्येक जाती आपापल्या गरजेनुसार आणि बी कुठे पडले त्या योगायोगानुसार येते, असे त्यांनी १९२६ साली लिहिले. १९७७ साली जोसेफ कॉनेल आणि राल्फ स्लेटियर यांनी आधी आलेल्या जातीचा नंतर येणारीशी संबंध तीन प्रकारचा असू शकतो असे दाखवले. ती मागून येणारीला मदत करील, तिच्या येण्या-न येण्याशी तिचा फारसा संबंध नसेल, किंवा ती तिला अडवून धरील. मला कॉनेल आणि स्लेटियर यांचे हे मत अधिक उपयोगाचे वाटते, कारण ते आपल्या आसपास तपासून पाहता येते. तिवर मदत करते, ते आपण पाहिले. ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या बाजूला जंगलाच्या मोकळ्या झालेल्या कडांवर घाणेरी आणि रानमोडी या बाहेरून आलेल्या झुडपांची दाट जाळी माजते. तिच्या सावलीत स्थानिक झाडांची रोपे गुदमरतात आणि अनुक्रमण वर्षानुवर्षे तिथेच अडून राहते.

मदतीचे सर्वांत विलक्षण उदाहरण मात्र खाडीत सापडत नाही. ते पारसिकच्या डोंगररांगेतील एखाद्या बंद पडलेल्या दगडखाणीत पाहावे. खाणीचा उघडा कातळ म्हणजे मातीचा कणही नसलेली जागा. त्यावर दगडफूल आणि पावसाळी शेवाळ येते, त्यांच्या आम्लाने आणि वाऱ्यापाण्याने दगड झिजतो, फटीत चिमूटभर माती साठते आणि तिच्यात गवत व नेचे उगवतात. एवढे होण्यासही पुष्कळ काळ जातो. परंतु याच फटीत एखादा बुलबुल किंवा तांबट पक्षी उंबराचे, वडाचे किंवा पिंपळाचे बी विष्ठेतून टाकून जातो आणि मातीची वाट न पाहता ते झाड खडकाला मिठी मारून वाढू लागते.

उंबराचे फूल दिसत नाही, असे आपण म्हणतो, कारण उंबराची शेकडो बारीक फुले त्या गोल फळासारख्या पोकळीच्या आतच असतात. त्यांच्यापर्यंत पोहोचतो तो फक्त एक इवलासा, गांधीलमाशीच्या गणातला कीटक. त्याची मादी टोकाच्या अरुंद छिद्रातून आत शिरते. शिरताना तिचे पंख बहुधा तुटून पडतात. अंगावर आणलेले पराग ती फुलांवर पोहोचवते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. पुढे त्या अंड्यांतून आधी बिनपंखी नर निघतात. ते आतल्या माद्यांशी मीलन करतात, भिंत कुरतडून बाहेरची वाट मोकळी करतात आणि बहुतेक तिथेच मरतात. पंख असलेल्या माद्या पराग घेऊन त्या वाटेने बाहेर पडतात. प्रौढ मादीचे आयुष्य एखाद-दोन दिवसांचे असते, म्हणून तेवढ्या अवधीत योग्य अवस्थेतील दुसरे उंबर तिला सापडलेच पाहिजे. खाणीच्या भिंतीवरच्या एका उंबराला फळ धरायचे असेल तर आसपासच्या प्रदेशात वर्षभर कुठले ना कुठले उंबर त्या अवस्थेत असावे लागते. रस्तारुंदीकरणात एकेक उंबर तोडताना हा हिशेब कोणी मांडत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उंबर फळले की पक्षी आणि वटवाघळे त्यावर येतात आणि इतर झाडांच्या बिया पोटातून तिथे आणून टाकतात. १८८३ साली क्राकाटोआ बेटावर ज्वालामुखीचा स्फोट होऊन तेथील जीवसृष्टी जवळपास नष्ट झाली, तेव्हाही बेट पुन्हा रानाने भरण्यात वडा-उंबरांच्या कुळातील झाडांचा आणि त्यांची फळे खाणाऱ्या पक्षी-वटवाघळांचा मोठा वाटा होता. पारसिकच्या खाणीत याच रीतीने एका झाडाभोवती हळूहळू सावलीचे, पालापाचोळ्याचे आणि नव्या रोपांचे एक बेट तयार होते. हे होण्यासाठी खाणीत राडारोडा टाकला जाऊ नये आणि उन्हाळ्यात गवताला वणवा लागू नये, एवढे तरी आपण पाहू शकतो.

येऊरच्या रानात, जे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, कारवी २०१६ साली आणि त्यानंतर २०२४ साली एकदम फुलली. बी धरल्यावर ती सगळी झुडपे मरतात आणि इतकी वर्षे सावलीत असलेल्या जमिनीवर अचानक ऊन पडते. परिपक्व म्हणवल्या जाणाऱ्या जंगलातही असा क्रम पुन्हा पुन्हा सुरू होत असतो.

ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली त्याचा समावेश रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, झाला. त्यात निम्म्याहून थोडा अधिक भाग खारफुटीचा आणि उरलेला खाडीपात्राचा आहे, म्हणजे दोन्ही टप्प्यांना एकत्र संरक्षण मिळाले आहे, ही मला या निर्णयातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते. म्हणूनच उघड्या चिखलावर खारफुटीची रोपे लावण्याचे कार्यक्रम, ते कितीही सद्हेतूने आखलेले असले तरी, करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या ठिकाणी पूर्वी खारफुटी होती आणि बांध घालून किंवा भराव टाकून भरतीचे पाणी तोडल्यामुळे ती वाळली, अशा जागा या कामासाठी निवडाव्यात. तिथेही पहिले काम पाण्याची वाट मोकळी करण्याचे आहे. मोऱ्या साफ करून भरतीचे पाणी आत-बाहेर जाऊ लागले आणि जवळपास तिवरांची झाडे असली, तर पावसाळ्यात त्यांची फळे पाण्याबरोबर आत येतात आणि बहुतेक वेळा रोपे लावण्याची गरज उरत नाही.

नमस्कार.